समुद्रालाही सांडवा असतो

रब्बीची ज्वारी पोत्यात भरून झाली, गावची जत्रा पार पडली आणि पोरांच्या परीक्षा संपल्या, की आपल्याकडच्या घराघरांतून एक वाक्य ऐकू येऊ लागते, "चार दिस मुंबईला जाऊन येऊ." आमच्या माण-खटावात असे घर विरळाच, की ज्या घरातला एखादा मामा, चुलता किंवा मेहुणा मुंबईत नाही. कुणाचा घाटकोपरला, कुणाचा मुलुंडला, कुणाचा मालाडला. जागा दहा बाय बाराची असते, पण आलेल्या पाहुण्याला कोणी नाही म्हणत नाही. मग राणीची बाग होते, सिद्धिविनायक होतो आणि शेवटी पोरे हट्ट धरतात, "आम्हाला समुद्र दाखवा."

मालाडचा पाहुणा तुम्हाला जो समुद्र दाखवील, तो बहुतेक अक्साचा. आज त्या अक्साविषयी आणि आजूबाजूच्या मुलखाविषयी चार गोष्टी सांगणार आहे. एरवी या सदरात खत, बियाणे, कीड आणि पाणी हे विषय असतात. आजचाही विषय पाण्याचाच आहे, फक्त ते खारे आहे. शिवाय माझ्या हातून घडलेली एक चूकही सांगायची आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा ही विनंती.

मालाड स्टेशनच्या पश्चिमेला उतरले, की मार्वे आणि मढकडे जाणाऱ्या बेस्टच्या बस मिळतात. आधी दाट वस्तीचे मालवणी लागते. घराला घर चिकटलेले, दुकानाला दुकान. पुढे नौदलाचा आय.एन.एस. हमला हा तळ येतो आणि तिथून एकदम हवा पालटते. रस्त्याला फाटा फुटतो. एक वाट मार्वेच्या धक्क्याकडे जाते, दुसरी अक्सा, दाणापाणी, एरंगळ, भाटी करीत मढपर्यंत. दोन्ही बाजूंना ताड, माड, जुन्या विहिरी, कौलारू घरे, अंगणात वाळत घातलेली जाळी. मुंबईच्या पोटात असा निवांत मुलूख असेल हे पाहिल्याशिवाय खरे वाटत नाही. इथला माणूसही सावकाश चालतो. कारण त्याचे घड्याळ भिंतीवर नसून समुद्रात आहे. भरती आली की एक काम, ओहोटी लागली की दुसरे.

वाटेत खाडीच्या कडेला तिवरांचे रान दिसेल. शेतकऱ्याने ते अवश्य पाहावे. ज्या खाऱ्या चिखलात आपले एकही पीक उभे राहणार नाही, तिथे हे झाड मजेत वाढते. चिखलात हवा नसते म्हणून त्याची मुळे पेन्सिलीसारखी चिखलाच्या वर येऊन श्वास घेतात. जास्तीचे मीठ ते पानांवाटे बाहेर टाकते. पान जिभेला लावून पाहा, खारट लागेल. माशांची आणि कोळंबीची पिले याच मुळांच्या आडोशाने वाढतात, आणि लाटांचा मारा हेच रान अंगावर घेते. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस मोजला गेला आणि उपनगरे बुडाली. आमच्या माणात दोन वर्षांतही इतका पडत नाही. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने तिवरे तोडण्यास मनाई केली. पाणलोटाच्या माथ्यावरचे झाड आपण जसे राखतो, तसेच हे पायथ्याचे झाड राखायचे असते.

आता ती चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या चौदा शेतकऱ्यांना घेऊन मी मुंबईला एका कृषी प्रदर्शनाला गेलो होतो. प्रदर्शन दुपारीच पाहून झाले. रात्रीच्या गाडीला वेळ होता. एकाचे पाहुणे मालाडला होते, त्यांच्याकडे चहा झाला आणि सगळे म्हणाले, "साहेब, समुद्र दावा." चौदापैकी अकरा जणांनी जन्मात समुद्र पाहिलेला नव्हता. मी त्यांना अक्साला नेले.

ओहोटी चालू होती. किनारा रुंद उघडा पडला होता. किनाऱ्यावर धोक्याची पाटी होती. मी ती वाचली आणि खरे सांगायचे तर वाचून पुढे गेलो. पाट्या सगळीकडेच असतात, असे मनात म्हणालो. मंडळींनी धोतरे खोचली, विजारी दुमडल्या आणि गुडघाभर पाण्यात उभे राहून लहान मुलांसारखे हसू लागले. आमच्यात एक एकोणीस वर्षांचा मुलगा होता. वडिलांच्या जागी आला होता. विहिरीच्या थारोळ्यावरून मुटका मारणारा, तळाचा दगड घेऊन वर येणारा पट्टीचा पोहणारा. त्याने समुद्राकडे पाहिले, जिथे लाटा फुटत होत्या ती जागा सोडली आणि बाजूला जिथे पाणी संथ, काळसर दिसत होते तिथे तो उतरला. मी ते पाहत होतो. मलाही वाटले, पोरगा शहाणा आहे, शांत जागा निवडली.

पाच मिनिटेही झाली नसतील. तो छातीभर पाण्यात होता, मग एकदम लांब दिसू लागला. तो किनाऱ्याकडे तोंड करून जोरजोराने हात मारीत होता आणि तरीही मागेच जात होता. "पानी वढतंय!" एवढे एकदा ऐकू आले. त्याचा चुलता कपड्यांसकट धावला. दोघांनी त्याला कमरेला धरून ठेवले, नाहीतर तोही गेला असता. तेवढ्यात शिट्टी वाजली. किनाऱ्यावरचा जीवरक्षक लाल रंगाचा तरंगता पट्टा घेऊन पाण्यात शिरला. तो सरळ मुलाकडे पोहला. मुलाला पट्ट्यावर टेकवले, आणि मग किनाऱ्याकडे न येता तो आडवा, किनाऱ्याला समांतर निघाला. आम्हाला वाटले, हा वेडा झाला की काय! बरेच अंतर आडवे गेल्यावर दोघे फुटत्या लाटांमध्ये आले आणि लाटांनीच त्यांना किनाऱ्याला आणून सोडले.

मुलगा वाचला. वाळूवर पडून बराच वेळ ओकत होता. जीवरक्षक माझ्याशेजारी धापा टाकीत बसला होता. तो म्हणाला, "काका, न पोहणारा माणूस गुडघ्याएवढ्या पाण्यात थांबतो. पोहता येतं तोच पुढे जातो, आणि तोच सापडतो."

गावी परतल्यावर मी मुलाच्या घरी गेलो. मला वाटले होते, त्याची आई बोल लावील. तिने चहा ठेवला, कप माझ्यापुढे सरकवला आणि एवढेच म्हणाली, "तुमी संगं हुता म्हणूनच धाडला हुता त्येला." त्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. पंचवीस वर्षे मी लोकांना पाणी कसे वाहते ते शिकवीत आलो. बी. एस्सी.च्या वर्गात मृद्संधारण शिकलो, शेकडो हेक्टरांवर बांधबंदिस्ती केली. आणि डोळ्यांसमोरचे पाणी मला वाचता आले नाही.

नंतर मी तो विषय नीट समजून घेतला. समजल्यावर डोक्यावर हात मारला. कारण ती गोष्ट आपल्या रोजच्या पाहण्यातली आहे.

आपल्या शेतात ताल असते. पावसाचे पाणी तालीला अडते आणि साठते. साठलेल्या पाण्याला वाट हवी म्हणून आपण एका बाजूला सांडवा ठेवतो. सांडवा नसेल, तर पाणी तालीतली सर्वांत खाली बसलेली जागा शोधते आणि तिथून फोडून निघते. सगळ्या शेतावर पसरलेले पाणी त्या एका अरुंद वाटेने बाहेर पडते, म्हणून तिथे त्याला जोर असतो. जोरदार पावसात वाहत्या सांडव्यात पोराला उभे करा म्हटले, तर तुमच्यापैकी एकही बाप करणार नाही.

समुद्राचेही तसेच आहे. किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर पाण्याखाली वाळूचा एक लांब बांध लाटांनीच घातलेला असतो. लाटा या बांधावर आपटून फुटतात आणि पाणी बांध ओलांडून किनाऱ्याकडे येते. लाटेमागून लाट येत राहते आणि पाणी बांधाच्या आत साचते. त्याला परत जायचे असते. मग ते बांधातली खोलगट जागा गाठते आणि तिथून समुद्राकडे धावत सुटते. हाच समुद्राचा सांडवा. त्याचा जोर कधी कधी सेकंदाला दोन मीटरच्या वर जातो. ऑलिंपिकमधला पोहणाराही त्याच्याविरुद्ध टिकत नाही, मग आपल्या विहिरीतल्या पोहण्याची काय कथा! विहिरीत दोन हात मारले की कडेचा दगड हाताला लागतो. समुद्राला कड एकच, आणि पाणी तिच्यापासूनच दूर नेत असते.

आता यातली फसवणूक लक्षात घ्या. बांधावर पाणी उथळ, म्हणून तिथे लाट फुटते, फेस होतो, आवाज होतो आणि माणूस घाबरतो. सांडव्याच्या जागी पाणी खोल, म्हणून तिथे लाट फुटत नाही. ती जागा संथ, गडद आणि शांत दिसते. अडाणी माणूस नेमकी तीच जागा निवडतो. आमच्या पोराने निवडली आणि मी बी. एस्सी. झालेल्या माणसाने मान डोलावली.

म्हणून पाण्यात पाय घालण्याआधी दहा मिनिटे किनाऱ्यावर, शक्य तर जरा उंचावर, उभे राहा आणि पाणी पाहा. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मध्येच एक पट्टा न फुटणारा दिसतो का? त्या पट्ट्यात पाणी गढूळ, वाळू मिसळलेले आहे का? फेस आणि काडीकचरा किनाऱ्याकडे न येता समुद्राकडे चाललेला आहे का? यांतली एक जरी खूण दिसली, तरी तो सांडवा समजा. आणि हेही ध्यानात ठेवा, की ही वाळू एका जागी राहत नाही. आपली ताल वर्षानुवर्षे जागेवर असते, समुद्राची ताल सरकते. गेल्या वर्षी मेहुणा ज्या जागी आंघोळ करून आला, तिथे यंदा सांडवा असू शकतो. कालची जागा आज कुठे आहे हे ठाऊक असलाच, तर तो तिथल्या जीवरक्षकाला ठाऊक असतो. त्याला विचारण्यात कमीपणा नाही.

गंमत अशी, की याच ओढीचा काही लोक उपयोग करून घेतात. जगात बऱ्याच ठिकाणी लांब फळीवर उभे राहून लाटेवर स्वार होण्याचा खेळ आहे. मूळचा तो हवाई बेटांकडचा. टोकियोच्या ऑलिंपिकपासून तो तिथेही गेला. आपल्या देशात कर्नाटकात मुल्की आणि तमिळनाडूत चेन्नईजवळचे कोवलम ही गावे त्यासाठी ओळखली जातात. हे लाटस्वार लाटांशी झुंजत आत जात नाहीत. ते आधी सांडवा शोधतात, फळीवर पालथे पडतात आणि त्या ओढीबरोबर फुकटात आत जातात. मग आडवे होऊन लाटेवर बसून परत येतात. पाणी तेच. ते ओळखणाऱ्याला ते वाहन होते, न ओळखणाऱ्याला काळ.

मढचा कोळीही हेच करतो. त्याचे डोल जाळे म्हणजे कापडी पिशवीसारखे निमुळते जाळे. ते तो समुद्रात रोवून ठेवतो आणि भरती-ओहोटीचा प्रवाहच बोंबील आणि कोळंबी त्यात आणून घालतो. प्रवाहाशी भांडून त्याने कधी पोट भरले नाही. आणि पावसाळ्यात तो होडी किनाऱ्याला ओढून ठेवतो. नारळी पौर्णिमेला नारळ वाहीपर्यंत समुद्राला हात लावायचा नाही, अशी त्याची जुनी रीत. पिढ्यान्‌पिढ्या पाण्यात वाढलेला माणूस जे दिवस टाळतो, त्याच दिवसांत आपली पोरे पाऊस आणि लाटा पाहायला म्हणून तिथे उतरतात. 16 जुलै 2023 रोजी मार्वेच्या पाण्यात पाच मुले ओढली गेली. दोघांना वाचवता आले, तिघे गेले. ती मालाडचीच मुले होती, समुद्र त्यांना नवखा नव्हता. मग आपल्या दुष्काळी मुलखातल्या पोरांनी किती जपायला हवे!

समजा, काळजी घेऊनही कोणी ओढीत सापडलाच, तर काय करायचे? हे घरातल्या प्रत्येकाला वाचून दाखवा.

एक, किनाऱ्याकडे सरळ पोहण्याचा हट्ट धरू नका. माणूस ओढीने बुडत नाही, दमल्याने बुडतो. ओढ बाहेर नेते, तळाला नेत नाही.

दोन, उताणे होऊन तरंगत राहा, एक हात वर करून हाका मारा. फुटत्या लाटांच्या पलीकडे ओढीचा जोर बहुधा ओसरतो.

तीन, अंगात बळ असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवे पोहा. सांडवा अरुंद असतो. त्याच्या बाहेर आलात, की जिथे लाटा फुटतात तिथून किनाऱ्याकडे वळा.

चार, किनाऱ्यावरच्यांनी मागोमाग उडी घेऊ नये. वाचवायला गेलेला बाप, भाऊ किंवा चुलताच अनेकदा जातो. जीवरक्षकाला ओरडून बोलवा, 112 ला फोन करा आणि तरंगणारी वस्तू फेका. बूच लावलेला रिकामा पाण्याचा कॅन माणसाला तरंगता ठेवतो. दोर असेल तर दोर फेका.

पाच, बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगू नका, पोट दाबून पाणी काढण्यात वेळ दवडू नका. आपल्याकडे विहिरीत बुडालेल्याला असेच करतात आणि हाती असलेली मोलाची मिनिटे जातात. श्वास चालत नसेल, तर नाक दाबून तोंडाने श्वास द्या आणि छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी मिनिटाला 100 ते 120 वेळा जोराने दाब द्या. तीस दाबांनंतर दोन श्वास, असे मदत येईपर्यंत चालू ठेवा. 108 ची रुग्णवाहिका बोलवा. ओकून बरा वाटला तरी त्याला दवाखान्यात न्या, कारण फुप्फुसात गेलेले पाणी काही तासांनी त्रास देते. आम्ही त्या मुलाला नेले होते.

आता कधी जावे ते सांगतो. यासाठी शहरातल्या माणसाला मोबाईल लागतो, तुम्हाला घरातले पंचांग पुरे. कोकणात एक जुना हिशेब आहे. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल त्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीच्या आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. द्वादशीला नऊ, पंचमीला पावणेचार. कृष्णपक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. भरती रोज साधारण पाऊण तासाने पुढे सरकते, त्यावरून हा हिशेब बसलेला आहे. अर्धा-पाऊण तास मागेपुढे होतो, तेवढे धरून चाला. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी पुरी होते.

अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते. मुंबईला मोठ्या उधाणात भरतीचे पाणी साडेचार ते पाच मीटरपर्यंत चढते आणि ओहोटीत तितकेच लांब मागे जाते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, म्हणजे चढउतार कमी. नवख्या माणसाने भांगाच्या दिवसांत जावे आणि उधाणाच्या ओहोटीत मागे सरकत्या पाण्यामागे चालत जाऊ नये. कोणत्याही तिथीला अंधार पडण्याआधी पाण्याबाहेर यावे, आणि दारू प्यालेल्याला पाण्याजवळही फिरकू देऊ नये. मात्र हे सगळे कोरड्या ऋतूसाठी. पावसाळ्यात पंचांग मिटून ठेवा आणि किनाऱ्यावर मक्याचे कणीस खाऊन परत या.

पाण्यात न उतरताही या भागात दिवस कसा गेला ते कळत नाही. मढला जा. टोकाला पोर्तुगिजांनी बांधलेला किल्ला आहे, लोक त्याला वेसाव्याचा किल्लाही म्हणतात. चिमाजी आप्पांच्या वसईच्या मोहिमेत, फेब्रुवारी 1739 मध्ये, मराठ्यांनी तो घेतला. आता तो हवाई दलाच्या ताब्यात आहे, म्हणून बाहेरूनच पाहायचा. जवळच किल्लेश्वराचे मंदिर आहे. कोळीवाड्यात बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत असतात. आपण कडबा जसा मोसमात बांधून ठेवतो, तशी ही त्यांची पावसाळ्याची बेगमी. एरंगळला समुद्राच्या काठावरच सोळाव्या शतकातले सेंट बोनाव्हेंचरचे चर्च आहे. तिथे जानेवारीत जत्रा भरते आणि सर्व धर्मांचे लोक येतात.

मार्वेच्या धक्क्यावरून मनोरीला फेरीबोट जाते. चार-पाच मिनिटांचा प्रवास, माणसांबरोबर मोटारसायकलीही होडीत चढतात. पोरांना याचीच मौज जास्त. पलीकडे मनोरी आणि गोराई ही गावे. गोराईला 2009 मध्ये खुला झालेला विपश्यना पगोडा आहे. एवढा मोठा घुमट आत एकही खांब न घेता उभा आहे. या गावांतल्या जुन्या विहिरी बघा. समुद्र हाकेच्या अंतरावर आणि विहिरीचे पाणी गोडे! पावसाचे गोडे पाणी हलके असते, ते जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर सायीसारखे तरंगते. रहाटाने काढले तर साय टिकते. पंप लावून उपसले तर खालचे खारे पाणी वर येते आणि विहीर कायमची बिघडू शकते. बोअरवर बोअर घेणाऱ्या आपल्या गावांनी हे पाहून विचार करावा.

आणखी एक दिवस हाताशी असेल तर बोरिवलीला जा. राष्ट्रीय उद्यानाच्या शंभरावर चौरस किलोमीटरच्या जंगलात कान्हेरीची लेणी आहेत, काळ्या पाषाणात कोरलेली शंभराहून अधिक. सोमवार सोडून जावे. मूर्ती तर पाहाच, पण लेण्यांच्या दारातली पाण्याची टाकी आणि डोंगरावर कोरलेल्या पन्हळी न विसरता पाहा. शिलालेखांत या टाक्यांना 'पोढी' म्हटले आहे. डोंगरावर पडलेला पाऊस थेंबभरही वाया न घालवता प्रत्येक लेण्याच्या दाराशी आणलेला आहे. पाणलोट विकासाचा याहून जुना आणि चांगला धडा मी तुम्हाला देऊ शकत नाही.

तो मुलगा आता संसाराला लागला आहे. गावात डाळिंबाची बाग केली आहे, दोन लेकरे आहेत. गेल्या उन्हाळ्यात तो सहकुटुंब मुंबईला गेला होता. परत आल्यावर मला भेटला. मी विचारले, "अक्साला गेलतास का?" म्हणाला, "गेलतो की. पोरास्नी सांडवा दावून आणला. वाळूतच खेळली, पान्यात न्हाई घातली."

वाचकहो, समुद्र जरूर पाहा. ज्या पाण्याच्या वाफेतून आपला पाऊस येतो, ते पाणी शेतकऱ्याने एकदा तरी डोळे भरून पाहावे. पण निघताना पिशवीत पंचांग टाका, जाताना जीवरक्षकाला विचारा आणि पाटी दिसली की थांबून वाचा. मी वाचून पुढे गेलो होतो, तसे करू नका.

पुढच्या आठवड्यात पुन्हा आपल्या शिवारात येऊ. उन्हाळी नांगरट किती खोल आणि कोणत्या दिशेने करावी, ते पाहू.